साडेपाचची सभा

आमच्या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी संघाला एक सल्लागार मंडळ आहे आणि गेली पाच वर्षं मी त्याची सदस्य-सचिव आहे. मंडळात अकरा जण. सगळे हौशी, म्हणजे बिनपगारी. काम सल्ला देण्याचं. आता सल्ला कुणी फारसा मागत नाही ही गोष्ट वेगळी, पण तो द्यायची व्यवस्था मात्र चोख आहे. मंडळाला छापील घटना आहे. सदस्याची मुदत तीन वर्षांची आणि ती सलग दोनदाच मिळते. दर तीन महिन्यांनी एका शनिवारी संध्याकाळी पाच वाजता सभा, चौदा दिवस आधी नोटीस, सोबत विषयपत्रिका आणि तिच्यात सर्वांत शेवटी, जगातल्या सगळ्या विषयपत्रिकांत असतो तसा, ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. हे सगळं मी सांभाळते. मला ते आवडतं, हे कबूल केलेलं बरं.

मी मुळात घाबरट बाई. घरातून निघताना गॅसचं बटण तीनदा बघते, पर्समध्ये दोन पेनं ठेवते आणि दोन्ही चालतात का ते रिक्षात बसून तपासते. उलव्याहून विद्यापीठात पोहोचायला तास लागतो, तर मी दीड तास आधी निघते. नवरा म्हणतो, “तू सभेला जातेस की परीक्षेला?” अशा माणसाला नियमांची फार सोबत वाटते. नियम लिहिलेला असला की रात्री झोप लागते.

आमच्या घटनेत गणसंख्येचं एक कलम आहे. अकरापैकी सहा जण हजर हवेत. नसतील तर सभा अर्ध्या तासासाठी तहकूब करायची, मग त्याच जागी पुन्हा भरवायची, आणि त्या दुसऱ्या सभेला गणसंख्येचं बंधन नाही. कुठल्याही सोसायटीत चार वर्षं काढलेल्या माणसाला हे वाक्य तोंडपाठ असतं. त्याचा परिणाम व्हायचा तो झाला होता. पाचच्या सभेला पाचला कुणीच येत नसे. येऊन करायचं काय? सगळे साडेपाचला, तहकूब सभेला यायचे. मी इतिवृत्ताचा मसुदा घरूनच करून न्यायची आणि त्यातलं दुसरं वाक्य कायम तेच असायचं: ‘गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब करण्यात आली.’ पाच वर्षांत आम्ही एकही ठराव खऱ्या सभेत केला नव्हता. पाच ते साडेपाच मी एकटी त्या खोलीत बसायची, खुर्च्या सरळ करायची, हजेरीच्या वहीत रकाने आखायची. मला तो अर्धा तास आवडायचा.

मंडळाच्या अकरा जागांपैकी एक जागा गावांची. विद्यापीठ उभं राहिलं तेव्हा ज्या तीन गावांची शेतं आणि मिठागरं गेली, तिथल्या माजी विद्यार्थ्यांपैकी एक जण मंडळावर असावा, असं पहिल्या घटनेत लिहिलं होतं. त्या जागेवर तळवलीच्या एक ताई होत्या. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. शाळेत क्लार्क. नवऱ्याकडचे लोक पूर्वी खाडीत मासे धरायचे. ताई सभेत फार बोलायच्या नाहीत. ठराव वाचून झाला की मान वर करायच्या आणि विचारायच्या, “पन हे कुनासाठी?” एवढंच. स्नेहमेळाव्याचा ठराव असो, नाहीतर संकेतस्थळाचा. त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना बरेच ठराव अडखळायचे. गावातल्या, पदवी होऊन घरी बसलेल्या मुलींना संघाच्या अभ्यासिकेत बसायला मिळायला लागलं ते त्या प्रश्नामुळेच. घरात अकरा माणसं आणि दोन खोल्या असल्यावर स्पर्धापरीक्षेचा अभ्यास कुठे करणार? मुली सकाळी येऊन जागा धरायच्या. ताई शाळा सुटली की तिथे एक चक्कर मारायच्या, कोण आलं, कोण नाही बघायच्या, न आलेलीच्या घरी फोन लावायच्या.

अध्यक्षांना ताईंचा राग नव्हता. अध्यक्ष मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले, बोलायला मऊ, दिवाळीला प्रत्येक सदस्याला स्वतः फोन करणारे. त्यांना मंडळ छोटं हवं होतं. “अकरा माणसं म्हणजे जत्रा होते हो, मॅडम. नऊ पुरेत.” नऊ करायचे तर दोन जागा काढायला हव्या होत्या. एक गेली दोन वर्षं रिकामी पडल्यासारखीच होती, कारण ते गृहस्थ परदेशात मुलाकडे जाऊन राहिले होते. दुसरी गावांची. “आता गावं कुठे राहिलीत?” अध्यक्ष म्हणाले. “सगळं शहरच झालंय. तळवलीत टॉवर आहेत.” टॉवर आहेत हे खरंच होतं. गावही आहे हे मी तेव्हा म्हटलं नाही.

अभ्यासिकेच्या जागी माजी विद्यार्थ्यांना गप्पा मारायला एक छानशी बैठकीची खोली करावी, असाही विचार चालू होता. तो विषयपत्रिकेवर नव्हता, पण चहाच्या वेळी निघायचा. ताईंची जागा गेली की ‘हे कुनासाठी’ विचारायला कुणी उरणार नव्हतं, हे सगळ्यांनाच कळत होतं. मलाही.

विषयपत्रिका मीच टाइप केली. विषय क्रमांक चार, ‘मंडळाच्या सदस्यसंख्येबाबत घटनादुरुस्ती.’ नोटिशीवर वेळ पाच, खाली माझी सही.

सभेच्या आठवड्यात मला दोन फोन आले. त्या दोन फोनांवर मी काय बोलले, ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं.

पहिला अध्यक्षांचा. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी विचारलं, “तो चार नंबरचा विषय आपल्या नेहमीच्या सभेत होऊन जाईल ना?” नेहमीच्या म्हणजे साडेपाचच्या. आता मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. “बघू या” म्हणाले असते तरी चाललं असतं. पण नियम कुणी विचारला की माझ्या अंगात काहीतरी संचारतं. मी म्हटलं, “नाही सर. घटनादुरुस्ती तहकूब सभेत करता येत नाही. कलम अकरा. मूळ सभेतच गणसंख्या लागते. म्हणजे सहा जण पाचच्या ठोक्याला हवेत, आणि हजर असलेल्यांपैकी दोन तृतीयांश बाजूने.” “अरे वा,” अध्यक्ष म्हणाले, “तुम्ही आहात म्हणून मंडळ चाललंय.” मला बरं वाटलं. फोन ठेवून मी भाजी फोडणीला टाकली आणि मनात म्हटलं, सहा जण पाचला? या जन्मी नाही. विषय पुढच्या सभेवर जाणार. माझ्या लेखी तो प्रश्न तिथेच मिटला.

दुसरा फोन ताईंचा, दोन दिवसांनी. मागे कसलातरी गलका चालू होता. “मॅडम, शनिवारी आमच्या घरात हळद हाय पुतनीची. पन मी येनार. तिन्ही गावांतल्या पोरींच्या सह्या घेतल्यात मी, गावांची जागा काढू नका म्हनून अर्ज केलाय. तो वाचायचाय मला. पाचला येऊ, का नेहमीसारखं साडेपाचला?”

आणि मी म्हटलं, “अहो ताई, पाचला कोण येतंय! हळदीचं घर सोडून लवकर कशाला धावताय? साडेपाचला या निवांत.”

अध्यक्षांना मी नियम सांगितला आणि ताईंना रिवाज सांगितला. का, हा प्रश्न मी स्वतःला तेव्हापासून विचारतेय. अध्यक्षांसमोर मला हुशार दिसायचं होतं आणि ताईंसमोर प्रेमळ. यापेक्षा मोठं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

शनिवारी मी नेहमीप्रमाणे साडेचारला पोहोचले. खुर्च्या सरळ केल्या. वही उघडली. पाचला दहा कमी असताना दार उघडलं आणि अध्यक्ष आत आले. पाठोपाठ एक सदस्य. मग आणखी एक. मी घड्याळाकडे बघितलं, मग मोबाइलमधल्या घड्याळाकडे. पाचला पाच कमी असताना आणखी दोघं आले, हसत, घाम पुसत. “आज अध्यक्षांनी तंबीच दिली होती,” त्यातले एक जण म्हणाले. अध्यक्षांनी चौघांना फोन केले होते. बाकीच्यांना केले नव्हते. बाकीच्यांना नोटीस गेलीच होती, आणि नोटिशीत पाच लिहिलं होतं.

मी मोजले. पाच. पुन्हा मोजले. पाचच. आणि मग लक्षात आलं, सहावी मी होते.

“मी एक फोन करून येते,” म्हणून मी बाहेर आले. ताईंचा फोन वाजत राहिला. हळदीच्या घरात, बेंजो चालू असताना, फोन कोण ऐकणार? पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. तळवली ते विद्यापीठ रिक्षाने वीस मिनिटं, शनिवारी तर पंचवीस. मी हिशेब करत होते. उरलेल्या चौघांपैकी एकाला लावला. ते म्हणाले, “निघालोच आहे, साडेपाचपर्यंत पोहोचतो.” “आज लवकर या,” मी म्हटलं. “का? काय झालं?” या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, “काही नाही, या.”

परत आत आले तेव्हा पाच वाजून दोन मिनिटं झाली होती. वही माझ्या जागेवर उघडी होती. पाच सह्या झालेल्या. सहाव्या रकान्यात माझं नाव मीच छान अक्षरात लिहून ठेवलेलं, पुढे जागा कोरी.

मी सही केली नसती तर सभा झाली नसती. इतकं सोपं होतं ते. पोटात दुखतंय म्हणून मी घरी जाऊ शकले असते. दुखत होतंच. नुसती पर्समध्ये काहीतरी शोधत बसले असते तरी साडेपाच वाजले असते. पण पाच माणसं माझ्याकडे बघत होती, आणि अध्यक्ष हसून म्हणाले, “मॅडम, तुमच्यावाचून अडलंय.” मला आयुष्यात कधी कुणाला अडवायची सवय नाही. बसच्या दारात उभी राहिले तरी मी अंग चोरून उभी राहते. मी सही केली. वेळेच्या रकान्यात पाच वाजून तीन मिनिटं लिहिलं, कारण खोटी वेळ लिहायचीही मला भीती वाटते.

विषय चार दहा मिनिटांत झाला. पाच हात वर गेले. माझा गेला नाही. “विरोधात कोणी?” अध्यक्षांनी विचारलं. तेव्हाही माझा हात मांडीवरच होता. मी एकदा म्हटलं, “ताई येतायत, त्यांना काही वाचायचं होतं.” अध्यक्ष म्हणाले, “नक्कीच वाचू देत. ऐनवेळच्या विषयांत घेऊ.”

पाच सत्तावीसला ताई आल्या. हिरवी साडी, केसांत गजरा, हातांना कोपरापर्यंत हळद. एका हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत अर्ज. दारातच थबकल्या, कारण खोली भरलेली होती आणि चहाचे कप रिकामे झाले होते. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे बघून हळूच विचारलं, “अजून टाइम हाय ना?”

मी वही त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी सही केली. पानावर पिवळा डाग पडला आणि तो पुसायला त्यांनी पदर घेतला तेव्हा मी म्हटलं, “राहू दे.” माझ्या रकान्यातली वेळ त्यांनी वाचली का ते मला कळलं नाही. अर्ज त्यांनी वाचला. सगळ्यांनी शांतपणे ऐकला. अध्यक्षांनी आभार मानले आणि झालेला ठराव सांगितला. ताईंनी अर्ज घडी घालून पिशवीत ठेवला. “बरं,” म्हणाल्या, “घरात हळद हाय, निघते मी.”

पुढचे तीन महिने मी इतिवृत्त लिहीत होते. एरवी दोन तासांचं काम. ‘गणसंख्या पूर्ण असल्याने सभा वेळेवर सुरू झाली’ हे वाक्य मी पाच वर्षांत पहिल्यांदा लिहिलं, खोडलं आणि पुन्हा लिहिलं. ‘सदर ठराव कोणाचाही विरोध नसल्याने मंजूर.’ हेही खरंच होतं. ताईंना फोन करावा म्हणून दर दोन दिवसांनी मोबाइल हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची. नवरा म्हणाला, “त्यात तुझी काय चूक? नोटिशीत पाच होतं ना?” तो माझ्या बाजूने बोलत होता आणि मला त्याचा संताप येत होता.

आमच्याकडे ठराव अमलात येतो तो पुढच्या सभेत इतिवृत्त कायम झाल्यावर. म्हणजे ती एक सभा ताई अजून सदस्य होत्या. मी नोटीस पाठवली. वेळ पाच. फोन कुणालाच केला नाही.

त्या शनिवारी मी साडेचारला पोहोचले तर दार उघडं होतं आणि ताई आत बसल्या होत्या. खुर्च्या सरळ करून ठेवलेल्या. मी वही काढली, रकाने आखले. पाच वाजले. कुणी आलं नाही. या वेळी अध्यक्षांना घाई नव्हती, इतिवृत्त तर तहकूब सभेतही कायम होतं. पाच वाजून पाच मिनिटांनी नियमाप्रमाणे मी म्हटलं, “गणसंख्या नाही. सभा अर्धा तास तहकूब.” रिकाम्या खोलीत, एका माणसाला.

“मग मागच्या वेळी कशी झाली?” ताईंनी विचारलं.

मला वाटलं होतं की हा प्रश्न आला की मी रडेन. रडले नाही. सरळ सांगितलं. अध्यक्षांचा फोन, कलम अकरा, सहा जण, सगळं. सहावी सही माझी होती हेही सांगितलं. “तुम्हाला साडेपाच म्हटलं ते मनापासून म्हटलं होतं,” मी म्हटलं आणि ते बोलून झाल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली.

ताई म्हणाल्या, “माहीत हाय मला. तुमी लिहिलेली वेळ वाचली मी त्याच दिवशी. नोटीस पन घरात होती, मॅडम. पाच वाजता लिहिलेलं. पोरगी म्हनाली पन, आई, पाच हाय. मी म्हटलं, मॅडमनी सांगितलंय.” त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. “कागदाला नाय मानलं मी. तुमाला मानलं.”

साडेपाचला सगळे आले. पहिला विषय, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मी वाचलं. “कुणाची हरकत?” अध्यक्षांनी नेहमीच्या सुरात विचारलं आणि पुढच्या पानाकडे वळले. मी हात वर केला.

“माझी हरकत आहे,” मी म्हटलं. “एका सदस्याला सचिवांनी स्वतः फोनवर सभेची वेळ साडेपाच सांगितली होती. म्हणजे त्या सदस्याला सभेची बरोबर सूचना मिळालीच नाही. त्यामुळे ती सभा वैध धरता येणार नाही. याची नोंद व्हावी.”

“मॅडम,” अध्यक्ष म्हणाले, “सचिव तुम्हीच आहात.”

“हो सर.”

“तुम्ही स्वतःच्याच नोटिशीविरुद्ध बोलताय.”

“हो सर.”

मागच्या वेळी हात वर केलेल्यांपैकी एक वयस्कर प्राध्यापक चष्मा काढून म्हणाले, “मग तो विषय पुन्हा घ्यायला लागेल. दुसरा मार्ग दिसत नाही.” अध्यक्ष माझ्याकडे बघत राहिले. राग नव्हता, नवल होतं, आणि ते मला रागापेक्षा जड गेलं. “ठीक आहे,” ते म्हणाले. “पुढच्या सभेत. पाच वाजता. आणि सचिवपदाबद्दल आपण नंतर बोलू.”

ती पुढची सभा येत्या शनिवारी आहे. सचिव म्हणून बहुधा माझी शेवटची. नोटिसा गेल्या आहेत. शिवाय या वेळी मी बाकीच्या दहाही जणांना फोन केले, परदेशातल्यांना धरून. पाच म्हणजे पाच, असं प्रत्येकाला दोनदा सांगितलं. अध्यक्षांनी त्यांच्या चौघांना फोन केले असतीलच. कोण येईल, कोण हात वर करेल, मला माहीत नाही. काल गॅसचं बटण मी पाचदा बघितलं. अभ्यासिकेतल्या मुली रोज येतात, त्यांना यातलं काही ठाऊक नाही.

ताईंना सगळ्यांत शेवटी फोन लावला. म्हटलं, “ताई, शनिवारी पाचला. नक्की पाच. मी सांगतेय.”

ताई अगदी सरळपणे, जराही कडू न होता म्हणाल्या, “बरं मॅडम. पन लिहून पाठवा.”